कोब्याचे सांधे

आदिलाबाद हे नाव गोमंतकीय कानाला तसे परके वाटू नये. मांडवीच्या काठावरच्या जुन्या सचिवालयाला आपण अजूनही आदिलशाहाचा राजवाडा म्हणतो, आणि आदिलाबादला नाव मिळाले तेही विजापूरच्या आदिलशाहीवरून, असे तिकडचे लोक सांगतात. जुन्या मराठी माणसांच्या तोंडी ते 'एदलाबाद' असते. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, पश्चिमेला किनवट, पूर्वेला चंद्रपूर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले; उरलेला जिल्हा आंध्रात गेला, २०१४ साली तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचेही चार तुकडे झाले. एवढी तोडजोड होऊनही बाजारात उभे राहिले की तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चार भाषा एकाच हातगाडीभोवती ऐकू येतात. सांध्यावरचे गाव म्हणतात ते हेच.

माझी थोरली बहीण लग्न होऊन या गावी गेली त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली. भावोजी जिनिंग फॅक्टरीत हिशेब पाहात. फोंड्याची मुलगी एवढ्या लांब कशी दिली, हा प्रश्न आमच्या घरात पुढे बरीच वर्षे विचारला जात होता; पण ताईने स्वतः तो कधी विचारल्याचे मला आठवत नाही. भावोजी गेल्यापासून ती त्या घरात एकटी राहते. मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमेरिकेत मिनेसोटात. त्यामुळे दरवर्षी हिवाळ्यात पंधरा-वीस दिवस तिच्याकडे जाऊन राहायचे, हा माझा नेम झाला आहे.

हिवाळ्यात, हे मुद्दाम सांगतो. तेलंगण म्हटले की आपल्याला ऊन आठवते, आणि ते खोटे नाही, मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो. पण त्याच आदिलाबादेत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो सहा-सातापर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. तेलंगणातली सर्वांत कडक थंडी इथलीच. गोव्यात अठरा अंश झाले की आपण कानाला मफलर गुंडाळतो! तिथे सकाळी सातला चौकाचौकांत शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि चहाच्या टपरीवरचा माणूस कपबशी हातात देण्याआधी ती स्वतःच दोन्ही हातांनी क्षणभर धरून घेतो.

आता मूळ विषय. ताईच्या घराला फाटकापासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असा सिमेंटचा कोबा आहे. भावोजींनी तो १९९५ साली घालून घेतला. तेव्हा आदिलाबादेत सरकारी सिमेंट महामंडळाचा कारखाना चालू होता. जिल्ह्यात चुनखडीचा दगड मुबलक, म्हणून तो तिथे आला. १९९८ साली बंद पडला, आणि तेव्हापासून तो चालू होणार असल्याचे दर निवडणुकीत ऐकू येते. गावच्याच सिमेंटचा कोबा, याचा भावोजींना फार अभिमान. फाटकाजवळच्या कोपऱ्यात त्यांनी ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीखही कोरून ठेवली आहे.

कोबा सलग घालत नाहीत. सिमेंट वाळताना आकसते, आणि आकसताना त्याला कुठेतरी फाटायचे असतेच. ते कुठे फाटावे हे आपण आधी ठरवून दिले तर त्याला सांधा म्हणायचे, नाही ठरवले तर तडा. चार इंच जाडीच्या कोब्याला आठ-दहा फुटांवर सांधा हवा असा साधारण हिशेब आहे. भावोजींच्या मेस्त्रीने तो बरोबर सांभाळला होता. दर दहा फुटांवर एक असे तीन आडवे सांधे, आणि घराच्या जोत्याला लागून चाळीस फूट लांबीचा एक. प्रत्येक सांध्यात त्याने अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी उभी घातली आणि ती तशीच राहू दिली. आदिलाबादेतली वाळवी मोठी जागरूक! दहा-बारा वर्षांत पट्ट्यांचा भुगा झाला आणि सांधे मोकळे पडले. पुढे त्यांत माती साठली, मातीत गवत उगवले, आणि ताई ते गवत दर श्रावणात निगुतीने उपटत राहिली.

गवत उगवले म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते त्या वाटेने खाली जाणाऱ्या पाण्याने. अमेरिकेतल्या थंड मुलखात हे संकट वेगळ्या रूपात येते. भाच्याकडे हिवाळ्यात उणे वीस-पंचवीस असते. सांध्यात शिरलेले पाणी गोठते, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगते आणि काँक्रीटच्या कडा उडवते. त्यात रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीच्या चाकांबरोबर घरापर्यंत येते आणि उरलेले काम करते. म्हणून तिथला घरवाला हिवाळा लागण्याआधी शनिवार-रविवारी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने आपल्या ड्राइव्हवेचे सांधे भरतो. तिथे मजुरी परवडत नाही हे खरे, पण शेजारीही तेच करीत असतो, हेही आहे. गणिताशिवाय कशातही हात न घातलेला आमचा भाचा तिथे जाऊन हे शिकला.

आदिलाबादेत पाणी गोठत नाही. तिथे फुगते ती माती. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेली ती काळी कापसाची जमीन. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते की शेतातल्या भेगेत हात जावा. आपला जांभा पाणी पितो आणि सोडून देतो. गोव्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही घर जागच्या जागी उभे राहते त्याचे निम्मे श्रेय जांभ्याला. आदिलाबादेत पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, पण जमीन तो विसरत नाही. ताईच्या कोब्याखाली मुरूम भरलेला आहे, पण मुरमाखाली शेवटी तीच काळी आई. जोत्यालगतच्या सांध्यातून वर्षानुवर्षे छपराचे पाणी आत गेले, माती फुगली, पोर्चजवळचा कोब्याचा तुकडा एका अंगाने बोटभर उचलला गेला आणि घराच्या बाजूला कलला. कलल्यामुळे आणखी पाणी तिकडेच. २०२४ च्या पावसाळ्यानंतर देवघराच्या कोपऱ्यात खिडकीपासून खाली तिरका तडा दिसू लागला.

त्या तड्याचे छायाचित्र ताईने भाच्याला पाठवले, आणि तिथून घरात बोलणी सुरू झाली. भाच्याचे म्हणणे सरळ होते. घर तीस वर्षांहून जुने झाले, तू एकटी, वय एकाहत्तर. विकून टाक आणि इकडे ये, नाहीतर निदान हैदराबादेत फ्लॅट घे. एका ओळखीच्या गृहस्थाने किंमतही सांगितली होती, आणि ती सांगताना तडा दोनदा बोट लावून पाहिला होता. मला फोनवर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तिला समजवा. तुमचं ती ऐकते." हा त्याचा गैरसमज. ताई आजवर माझे एकदाच ऐकलेली आहे, आणि तेही मोबाइल घेण्याच्या बाबतीत.

ताईने त्याला उलट विचारले, "तुझ्याकडे जमीन गोठते तर तू घर विकलंस का?"

यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने सांधे कसे भरतात ते सांगायला सुरुवात केली.

मी जानेवारी २०२५ मध्ये तिथे पोचलो तेव्हा मेस्त्री येऊन पाहून गेला होता. हा बेल्याकडचा, मराठी बोलणारा. तिथली मराठी वऱ्हाडीला लागून आहे, आणि कानाला फार गोड लागते. त्याचे मत होते की डांबर तापवून वाळूत कालवावे आणि ओतून द्यावे, सगळे तेच करतात. सांगून झाल्यावर त्यानेच शंका काढली. "पण भाऊ, डांबर उन्हाळ्यात पघळते. चपलेले चिकटते. अन् थंडीत असं कडक होते का कडेपासून सुटूनच जाते." म्हणजे ज्या दोन ऋतूंसाठी ते घालायचे त्या दोन्ही ऋतूंत ते नापास. सिमेंटचा माल भरावा तर तो ताठ. कोबा हलला की तो चिरतो.

आणि कोबा हलतो. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. काँक्रीटचा एक मीटर एका अंशाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा वाढतो. दहा फुटी तुकडा म्हणजे तीन मीटर. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत चाळीस अंशांचा फरक धरला तर एका तुकड्यामागे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण बारा मिलिमीटरच्या सांध्याच्या दृष्टीने हा दहावा हिस्सा झाला, आणि तो दर वर्षी ताणायचा आणि दाबायचा. म्हणून तिथे रबरासारखे ताणले जाणारे काहीतरी हवे. पॉलियुरेथेनचे सीलंट मिळते, ते एवढी ओढाताण सहज सोसते. तीन आडवे सांधे छत्तीस फूट आणि जोत्याचा चाळीस, मिळून शहात्तर फूट. त्याला सहाशे मिलिलिटरच्या तीन कांड्या पुरतात. कांड्या आणि फोमची दोरी आदिलाबादेत मिळाली नाही, ती नागपूरहून मागवली.

ही फोमची दोरी म्हणजे बॅकर रॉड. सगळी खुबी तिच्यात आहे. सांध्याहून थोडी जाड दोरी घेऊन ती आत दाबून बसवायची आणि तिच्यावर सीलंट भरायचे. त्यामुळे सीलंट दोन्ही बाजूंच्या काँक्रीटला चिकटते पण तळाला चिकटत नाही. तळालाही चिकटले तर तीन बाजूंनी धरल्यासारखे होते, ताणायला मोकळीक राहत नाही आणि ते मधोमध फाटते. जाडीही रुंदीच्या निम्मीच ठेवायची. जास्त भरले म्हणजे जास्त मजबूत, ही आपली समजूत इथे चालत नाही.

हे वाचताना मला सारख्या आपल्याकडच्या होड्या आठवत होत्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वरून काजूबियांच्या टरफलांचे तेल किंवा राळ माखायची. हे काम करणाऱ्या माणसाला पोर्तुगीज भाषेत कालाफाते असा स्वतंत्र शब्द आहे, एवढी त्या धंद्याला प्रतिष्ठा. आत मऊ, वर चिवट, ही जोडी नवी नाही. (आणि कापूस म्हणाल तर ताईच्या घरासमोरून जानेवारीभर कापसाने भरलेल्या गाड्या बाजार समितीकडे जात असतात, रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके पडलेले असतात. मेस्त्री म्हणालाच, की दोरी नाही भेटली तर कापूस आहे!)

प्रत्यक्ष कामाला तीन दिवस लागले, त्यातले दोन नुसत्या साफसफाईत गेले. कुणीही हे काम करायला घेतले तर त्याने हे लक्षात ठेवावे. जुन्या पट्ट्यांचा भुगा, माती, मुळे, सगळे उकरून काढायचे, कडा तारेच्या ब्रशने घासायच्या, आणि उरलेली धूळ फुंकून टाकायची. आम्ही सायकलचा पंप वापरला. मेस्त्रीने कडा छिन्नीने सारख्या केल्या. धुळीवर सीलंट चिकटत नाही, ओलीवर तर नाहीच. जुन्या सांध्यातून काय काय निघावे? दोन गोट्या, एक चारआणी, भाच्याच्या कंपासपेटीतले गुण्याचे अर्धे हाड. ताईने ती सगळी धुऊन देवघराच्या खिडकीत, तड्याशेजारीच ठेवली.

वेळ कोणती, यावर थोडा वाद झाला. थंडीत कोबा आकसलेला असतो, सांधा सर्वांत रुंद. तेव्हा पूर्ण भरला तर मे महिन्यात दाबला जाऊन वर फुगून येणार. कडक उन्हाळ्यात भरला तर थंडीत ताणून फाटणार. म्हणून मधली वेळ हवी, आणि पृष्ठभागापासून थोडे खालीच थांबायला हवे. शिवाय पाच अंशांच्या खाली हा माल लावूच नये असे कांडीवर लिहिलेले असते. जानेवारीतल्या आदिलाबादेत पहाटे दव पडते, दहापर्यंत कोबा ओलसर लागतो. तो अकरा वाजता पूर्ण वाळतो आणि हाताला कोमट लागतो. तीच वेळ आम्ही धरली. कांड्या थंडीने इतक्या घट्ट झाल्या होत्या की गनचा घोडा ओढता येईना. ताईने त्या पातेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवल्या. मिनेसोटातही असेच करतात म्हणे.

पहिला सांधा मेस्त्रीने भरला, दुसरा मी. तिसऱ्याला ताई पाट घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मी बघते." गनला ताकद लागते, ती मी लावली. पण भरल्यावर वरून दाबून सारखे करायचे काम तिने स्वतःकडे घेतले. साबणाच्या पाण्यात बुडवलेला चमचा, आणि त्याच्या पाठीने एका लयीत, न थांबता, कडेपासून कडेपर्यंत. मेस्त्री पाहत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "बाईचा हात बसलेला हाय." चाळीस वर्षे करंज्यांच्या कडा मुरडणाऱ्या हाताला हे अवघड नव्हते, अवघड होते ते खाली बसणे. तिचे गुडघे थंडीत फार धरतात. संधिवात. उठताना ती म्हणाली, "कोब्याचे भरले, आता माझे कोण भरणार?" आणि स्वतःच हसली.

आपल्याकडे शिकलेला माणूस थापी हातात घेत नाही, त्याबद्दल मला नेहमीच वाईट वाटते. गोव्यात पावसाळ्यानंतर अंगण चोपायला, शेणाने सारवायला घरातली सगळी माणसे असत. नळे परतायला माणूस बोलावला तरी खालून नळे देणारे हात घरचेच. सिमेंट आले आणि आपण हात झटकले. अंगण ही दरवर्षी नव्याने करायची गोष्ट होती, ती 'एकदाच करून टाकायची' झाली. सिमेंटलाही दर काही वर्षांनी हात लावावा लागतो हे आपल्याला कुणी सांगितले नाही, किंवा सांगितले ते आपण ऐकले नाही. आदिलाबादच्या आसपासच्या गोंड वस्त्यांत अजून मातीची अंगणे आहेत, आणि इतकी स्वच्छ की चप्पल घालून जायला संकोच वाटतो. आमचे काम चालले होते त्याच दिवसांत केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेची तयारी चालू होती. पुष्य अमावास्येची ही जत्रा. तिच्यासाठी मेस्राम कुळातले लोक पांढऱ्या वेषात अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. ताईने ते सांगितले तेव्हा मेस्त्री म्हणाला की तिकडे पाणी आणाले जातात, आपण इथं पाणी अडवून रायलो.

मेस्त्रीने एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे लिहिलीच पाहिजे. सांधा बुजवल्याने उचललेला कोबा खाली बसत नाही. आत जाणारे पाणी थांबते, बस्स. म्हणून त्याने छपराच्या पाण्याचा पाईप वाढवून थेट फाटकाबाहेरच्या गटारापर्यंत नेला, आणि तड्यावर काचेची एक छोटी पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून दिली. तडा वाढला तर काच तुटेल. ताई रोज देवपूजा झाली की काच पाहते. भाच्याला तिने सांगितले की काच तुटली तर हैदराबादच्या फ्लॅटविषयी बोलू, तोवर नाही. त्याने कबूल केले. त्याचा स्वर मात्र वकिलाने तारीख मान्य करावी तसा होता.

मे महिन्यात सांधे थोडे वर आले, पण कोब्याच्या पातळीच्या आतच राहिले. जुलैत पाऊस लागला. ताईचा फोन आला तो पहिल्याच मोठ्या पावसाच्या रात्री. पोर्चजवळच्या कललेल्या तुकड्यावर अजून पाणी साठते, पण आता ते आत न जाता कडेने वाहून बागेत जाते. जोत्याचा सांधा कोरडा. काच शाबूत. एका आडव्या सांध्यात कडेला वीतभर सुटल्यासारखे दिसते, तो माझा की मेस्त्रीचा, हे तिने सांगितले नाही.

शेजारच्यांनी उरलेली अर्धी कांडी मागितली होती. ती ताईने तोंड बांधून नीट जपून ठेवली होती, पण एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्याने हा माल आतल्या आतच घट्ट होतो. कापून पाहिली तर रबराचा दांडका. नागपूरहून नव्या तीन मागवल्या आहेत, आणि चमच्याचे काम त्यांच्याकडेही ताईच करणार आहे म्हणे.